किपाताईला जेवायची हाक

तार्केग्याङ,
२५ मंसिर, वि. सं. २०४६

चि. यांगजीस काल्देनमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई, माझी किपाताई, गेल्याचे कळल्यापासून घशाखाली घास उतरत नाही. तिची वाटी रोज भरून ठेवतेस ना? घेवाचा शेवटच्या निरोपाचा विधी होईपर्यंत जीव घराभोवतीच असतो, आणि हाक मारल्याशिवाय तो जेवत नाही. हाक मात्र आपल्या योल्मो बोलीत हवी. इथून तिकडे जाऊन कागद बनवत राहिलेल्या तुम्हा कागदवाल्यांची बोली म्हणजे आमचीच, पण वाटेत सांडत गेलेली. थोरामोठ्यांशी बोलायची रीतही तिच्यात उरली नाही. ताई बिचारी उपाशी राहील. घेवाला मी इकडचे लामा घेऊन येतो, हाकही मीच मारीन. राग मानू नकोस. मामावर माया राहू दे.

तुझा,
काल्देनमामा


रामेछाप,
१२ पुस २०४६

ती. मामांस यांगजीचा सा. न. वि. वि.

राग आला, हे आधी लिहून टाकते. आई तुमच्या गावची लेक खरी, पण नांदली इथे. कोंबड्यांवर, बाबांवर, आमच्यावर ती याच सांडलेल्या बोलीत ओरडली. मागे काठमांडूहून बोलींचा अभ्यास करणारे एक सर आले होते. योल्मो, आमची, त्सुम खोऱ्यातली आणि खिंडीपलीकडच्या, तिबेटातल्या क्यिरोंगची, सगळ्या एकाच फांदीवरच्या, असे ते सांगत होते. आई म्हणाली, "एका चुलीवरची भावंडं ती. थोरलं कोण, एवढ्यावरूनच भांडतात."

आता जे लिहायचे नव्हते तेही लिहिते. शेवटच्या तापात तिने तुम्हालाच हाका मारल्या. त्याही आमच्या बोलीत.

लामा अवश्य आणा. हाक मी मारणार. थंडी फार आहे, कान बांधून या. भाचीवरचा लोभ आटू देऊ नका.

आपली,
यांगजी


तार्केग्याङ,
२० माघ २०४६

चि. यांगजीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. गुडघे कुरकुरताहेत, पण ते जातानाही कुरकुरत होतेच.

घेवाला मी माझी हाक घोकून आलो होतो. तू ताई म्हणून मांडलेल्या तिच्या कपड्यांपुढे वाटी ठेवलीस आणि म्हणालीस, "आई, चल जेवायला, निवतंय सगळं." मग मी माझी हाक मारलीच नाही. आमची आईही ताईला अशीच दरडावून बोलवायची. ताई जेवून गेली, याची मला खात्री आहे. विधीच्या शेवटी तिला निरोप देत तिच्या नावाचा कागद जाळताना मी रडलो, ते समाधानानेही.

एक मागणे आहे. माझे दोन्ही मुलगे काठमांडूत नेपाळीच बोलतात. आपल्या बोलीत त्यांना जेवायला बोलावण्यापुरतेही येत नाही. माझी वेळ आली की वाटी ते भरतील. हाक मारायला तू ये. तुमच्या बोलीत मार, मला कळेल.

तुझाच,
काल्देनमामा