बिनकाठाचं कापड

शहापूर, बेळगाव
सोमवार

प्रिय सौम्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळी धडधाकट आहेत. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज दुसऱ्याच वाक्याला चढतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. चौदा महिन्यांनी बोलायचं आणि पुन्हा भांडायचं, ते नको. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मंथनदादाच्या नव्या यंत्रमागाच्या पूजेला तू आलीस, तो दिवस माझ्या डोक्यातनं जात नाही. चार पाहुण्यांसमोर तीर्थाची पळी पुढं आली आणि तू हात मागं घेतलास. वर म्हणालीस, आई, माझं हे सगळं संपलंय. माझं डोकंच फिरलं. आमचं तीर्थ चालत न्हाय तर ह्या घरचं पाणीबी पिऊ नकोस, असं मी बोलले. तू हातातला भरलेला पेला खाली ठेवलास आणि बेंगळुरूची गाडी धरलीस. मॉर्मन म्हणजे काय हे तेव्हा मला कुठं कळत होतं? ख्रिस्ती लोकांतलेच कुणीतरी, चहासुद्धा न पिणारे, एवढंच ऐकलेलं. खरं सांगते, तू चहा सोडलास ह्याचाही मला राग होता.

गेल्या महिन्यात टिळकवाडीची एक बाई दारात आली. भाग्यलक्ष्मी तिचं नाव, शाळेत शिकवते. तुझ्याच पंथाची आहे आणि तुला ओळखते, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही. हातमागावरचं पांढरं कापड पाहिजे म्हणाली, अडीच मीटर, काठ नको, जर नको, नक्षी नको. मी फटकन बोलून गेले की बाई, बिनकाठाचं पांढरं आमच्याकडं माणूस गेल्यावर लागतं, तुमच्यात कोण गेलंय काय? ती म्हणाली, तसंच समजा मावशी. काय विचित्र बाई म्हणायची! पण काम ते काम. परसातला जुना हातमाग पुसून काढला. कापडाच्या तोंडाला लाल पट्टा घालायची माझ्या हाताला तीस वर्षांची सवय, त्यामुळं चार बोटं विणून झाल्यावर बघते तर लाल दोरा पडलेला! सगळं उकललं आणि पुन्हा पहिल्यापासून विणलं.

कापड नेताना तिनं सांगितलं की ते त्यांच्या प्रार्थनेच्या टेबलासाठी आहे, रविवारी बघायला या. तुझं नावही तिनं तेव्हाच काढलं. तिच्यावर चिडले, पण काल गेलेच. माझी पोरगी जिथं हरवली ती जागा आहे तरी कशी, ते बघायचं होतं. भाड्याचा हॉल गं, वरच्या मजल्यावर. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, साधा क्रूससुद्धा नाही. एक टेबल, आणि त्यावर माझं कापड. खाली काहीतरी झाकलेलं होतं. भाग्यलक्ष्मीनं कानात सांगितलं की आत ब्रेड आणि पाणी आहे, आमच्या देवाच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून, आणि गेलेल्या माणसावर घालावं तसं हे कापड त्यावर घालतात. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी दारात मी फटकन बोललेलं खरंच होतं की. ज्याला मी नावं ठेवत होते त्याच्याच अंगावरचं वस्त्र मी विणलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

सगळे गाणं म्हणत होते तेव्हा पांढऱ्या शर्टातल्या दोघांनी कापड हलकेच दुमडलं आणि ब्रेड हातानं मोडला. सुरी नाही, हातानंच. रक्ताच्या जागी दारू असणार असं धरून मी नाकाला पदर लावून बसलेले! पण पाणी निघालं गं. करंगळीच्या पेराएवढ्या पेल्यांत साधं पाणी.

मग त्यातला एक, नागेंद्र त्याचं नाव, टेबलामागं गुडघ्यावर बसला आणि कन्नडमधनं प्रार्थना म्हणू लागला. एक शब्द चुकला. पुढं बसलेल्या मोठ्या माणसानं नुसती मान हलवली. नागेंद्रनं पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा अडखळला. तिथं एकही शब्द इकडचा तिकडं चालत नाही म्हणे. आपल्याकडं असतं तर निम्मी माणसं हसली असती आणि मी पहिली हसले असते. तिथं कुणी खाकरलंसुद्धा नाही. एवढी माणसं त्याच्यासाठी थांबली. तिसऱ्यांदा नीट झालं आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. सौम्या, मी आयुष्यभर देवळांत गेले, पण अशी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली. 

ताट रांगेतनं हातोहात फिरलं. शेजारचा ताट धरतो, आपण घ्यायचं, मग पुढच्यासाठी आपण धरायचं. घेणारी सगळी उजव्या हातानंच घेत होती, आपण तीर्थ घेतो तसं. ब्रेडचं ताट मी पुढं दिलं, माझा काय संबंध? पण पाण्याचं ताट समोर आलं आणि तू खाली ठेवलेला तो पेला आठवला. मुलीचं पाणी तोडणारी बाई मी, त्या पाण्याला हात लावायचं धाडस होईना. तेही पुढं दिलं.

बाहेर आल्यावर भाग्यलक्ष्मीनं मला जे सांगितलं त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तिच्यावर रागावू नकोस, तिला राहवलं नाही. तिकडं तुझ्यासमोर दर रविवारी ताट येतं आणि चौदा महिने तू ते नुसतं पुढं देतेस. तुला कुणी अडवलेलं नाही, तुझं तूच ठरवलंयस, आईचं मन मोडून आले, ते मिटल्याशिवाय ह्याला हात लावणार नाही म्हणून. अगं वेडे! मला वाटायचं माझी पोरगी मला विसरून देवाकडं गेली, आणि तू तिथंही माझ्यावाचून उपाशी बसलीस. मी हे ऐकलं आणि जिन्यावरच बसून रडले. ते पाण्याचं बोलणं मी मागं घेते. उकलून टाकलं, एक दोरासुद्धा ठेवला नाही. तुझं तीर्थ नाकारणं मला अजून पटलेलं नाही, ते आपण समोरासमोर भांडू. पण येत्या रविवारी ताट आलं की उजवा हात पुढं कर आणि घे. आणि मग घरी ये, तुझा पेला भरून ठेवते.

तुझीच, अजून तेवढीच तापट,
आई