योग्य माणूस, योग्य जागी

सर, तुमचा विषय आता मी शिकवते. तेच कॉलेज, तीच बीबीएच्या पहिल्या वर्षाची खोली, तोच पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. पहिल्या सत्राचा पहिला पेपर, व्यवस्थापनाची तत्त्वे. तुम्ही शिकवायचात तसाच शिकवते. त्याचाच मला राग येतो, पण दुसरी पद्धत सुचत नाही. हात वर करायचा आणि एकेक बोट मिटत जायचं: नियोजन, संघटन, माणसं नेमणं, दिशा देणं, आणि शेवटी अंगठा, म्हणजे नियंत्रण. तिसऱ्या बोटाशी आले की माझा आवाज बदलतो. "योग्य माणूस, योग्य जागी" हे तुमचं लाडकं वाक्य फळ्यावर लिहावंच लागतं, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. मी ते लिहिते आणि ताबडतोब पुसते. मागच्या बाकावरची मुलं ओरडतात, "मॅडम, थांबा ना, उतरवून राह्यलो." मग परत लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माणसं गेलेल्याला माफ करून टाकतात म्हणे. मी केलेलं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

देऊळघाटच्या आपल्या वस्तीतून कॉलेजात शिकवायला गेलेले तुम्ही पहिलेच. विहारात कार्यक्रम असला की पुढच्या रांगेत एक खुर्ची तुमच्यासाठी रिकामी ठेवलेली असायची, तुम्ही येईपर्यंत लहान पोरांना तिच्यावर टेकूसुद्धा देत नसत. बारावीनंतर तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मला नीट आठवतो. बाबा नुकतेच बांधकामावरून आलेले, हाताला सिमेंट तसंच. आईने तुमच्यासाठी कप शोधला, कान न तुटलेला. बाबा म्हणाले, "बीए ऐकलं होतं मास्तर, हे दोन-दोन बी कायची?" तुम्ही मोठ्याने हसलात. "एक बी धंद्याची हाय भाऊ. तुमची पोरगी नवकरी मांगणार नाही, लोकाइले देईन." आईला ते इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस भांडी घासतानाही ती ते वाक्य स्वतःशीच म्हणायची. अशी वाक्यं तुम्हाला बरी सुचायची, सर.

पहिलं वर्ष मला कठीण गेलं. बुलढाण्यातली मुलं इंग्रजी पुस्तकं सहज चाळायची, मी एकेका शब्दाला अडायचे. व्यावसायिक संवादाच्या तासाला बाई उभं करायच्या आणि मुलाखतीला आल्यासारखं बोला म्हणायच्या. माझ्या तोंडून "मले" निघालं की वर्गात हशा फुटायचा. हिशेबाच्या तासाला नावे आणि जमा यांत माझी रोज अदलाबदल व्हायची. श्वास घ्यावा असा तास एकच होता, तुमचा. तुम्ही म्हणायचात, नियोजन म्हणजे उद्याच्या भाकरीचं पीठ आज दळून आणणं. कुणी हसलं तर म्हणायचात, "हसू नको बे, परीक्षेत हेच लिही, फक्त मोठे शब्द घाल." मी पहिल्या बाकावर बसू लागले ती तुमच्यामुळेच. हे लिहायला नको होतं, राग कमी होतो. पण खोटं कशाला लिहू?

मग ते स्नेहसंमेलन आलं. तुम्ही जाहीर केलं की आपल्या वर्गाचा खाण्याचा स्टॉल लागेल, जे शिकलो ते करून पाहायचं, प्रत्येकाने योजना लिहून आणायची. सगळ्यांनी भेळ आणि पावभाजी लिहिली. मी लिहिलं: कढी-गोळे, ठेचा आणि ज्वारीची भाकर, चूल समोर, खाणाऱ्याला तव्यावरची भाकर फुगताना दिसली पाहिजे. तुम्ही ते वर्गात वाचून दाखवलंत आणि म्हणालात, या स्टॉलची व्यवस्थापक ही. दुसऱ्या दिवशी बाजारातून बिल्ला करून आणलात, लाल फितीचा, त्यावर सोनेरी अक्षरांत "व्यवस्थापक". मी तो लावूनच काळीपिवळीत बसले आणि देऊळघाटपर्यंत खिडकीला टेकले नाही, फीत चुरगळेल म्हणून. आईने हात पदराला पुसून मग बिल्ल्याला बोट लावलं. तुम्ही दिलेली तेवढी एकच वस्तू.

संमेलनाची सकाळ. मैदानावर मांडव, माझी चूल पेटलेली, परातीत पीठ मळलेलं, बिल्ला खांद्यावर. तुम्ही येता. माझ्याकडे न बघता चुलीकडे बघता आणि म्हणता, "पोरी, तू आज मागं राह्य. पाण्याच्या टाकीमागं चूल लाव. पुढं ते दुसरी पोरगी उभी राहीन."

मी विचारते, "काऊन सर?"

"काऊन म्हणजे काय वं. संस्थेचे लोक येऊन राह्यले, त्याइच्या घरच्या बाया येऊन राह्यल्या. कोणी इचारलं भाकर कोणाच्या हातची, त मंग? उगा तोंडाले तोंड लागाले नको. मी मॅनेज केलं हाय सगळं."

आणि तुम्ही हात पुढे करता. बिल्ल्यासाठी. मी तो काढून देते, तुम्ही तो माझ्या वर्गातल्या त्या दुसऱ्या मुलीला देता. तिला काहीच कळलेलं नाही, ती मला विचारते, "तुला बरं नाही का?" वरची जात तिची, अपमान माझा, आणि पुढे कळलं तेव्हा लाज वाटली ती तिला. मी दिवसभर टाकीमागे भाकरी थापल्या. टोपली भरली की कुणीतरी येऊन पुढे न्यायचं. मांडवातून आवाज यायचे, भाकर काय झाली आहे, अजून आणा. सगळे माझ्याच हातचं खात होते, सर. फक्त मी कुणाला दिसत नव्हते. तुम्ही टाकीच्या कडेला भिंतीला टेकून उभे होतात, एक डोळा मांडवावर, एक माझ्यावर, जसं काही मी पळून जाणार होते. तुम्ही स्वतः एक घास खाल्ला नाहीत. पीठ संपल्यावर जवळ येऊन खूश होऊन म्हणालात, "पाह्य, एक भाकर उरली नाही. झालं का नाही मॅनेज?"

तेव्हापासून या शब्दाची मला शिसारी आहे. आपल्याकडे पंच मॅनेज होतात, साक्षीदार मॅनेज होतात, निवडणुकीतला उमेदवार अर्ज मागे घेतो तेव्हा लोक डोळा मारून म्हणतात, मॅनेज झाला. दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला विचारते, व्यवस्थापन म्हणजे काय, आणि दरवर्षी कुणीतरी प्रामाणिकपणे सांगतं, समोरच्याला गप्प बसवणं. पुस्तकातली व्याख्या त्यानंतर सांगावी लागते. तुम्ही तर पुस्तकातलीच शिकवली होतीत, पाचही बोटांवर. मग माझ्या वेळी तिसरं बोट कुठं गेलं होतं? योग्य माणूस कोण, हे तुम्हीच भर वर्गात सांगितलं होतं. योग्य जागा कोणती, तेही. परक्याने मला मागे ढकललं असतं तर मी भांडले असते, बाबा भांडले असते, वस्ती उठली असती. तुमच्याशी कोण भांडणार? संध्याकाळी तुम्ही घरी येऊन बिल्ला परत दिलात. "ठेव, तुहाच हाय." जसं काही मी रडणारी पोर आणि तो खुळखुळा. तुम्ही गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "मास्तरनं केलं त इचार करूनच केलं असीन." त्या दिवशी पहिल्यांदा मला आईचाही राग आला.

आणि खरी आग तर पुढे आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी अकोल्याला एमबीए करत होते. शोकसभेला आले. तुमच्या वेळचे प्राचार्य, तेव्हा निवृत्त झालेले, भाषण करून खाली आले आणि मला ओळखून म्हणाले, "तू ती भाकरीवाली ना? मी त्याला विचारलं होतं त्या दिवशी, अरे, तुझी मॅनेजर कुठं आहे? तर म्हणाला, तिला बरं नाही." मी म्हटलं, संस्थेच्या लोकांनी काही म्हटलं होतं का? ते म्हणाले, "कोण म्हणणार? कुणी काही म्हटलं नव्हतं." त्यांचं मी सगळं खरं मानत नाही. माणूस गेल्यावर असं बोलायला काय जातं. कुणी म्हणण्याची वेळच तुम्ही येऊ दिली नाहीत, म्हणून तर त्यांना मोठेपणाने सांगता आलं. पण एवढं खरं असेल की तुम्हाला कुणी सांगायला आलं नव्हतं. कुणी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही त्यांचं काम करून टाकलंत, सर! त्यांच्या तोंडचा नकार तुम्ही स्वतःच्या तोंडाने माझ्यापर्यंत आणलात. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला निदान नाही म्हणणाऱ्याचं तोंड तरी दिसलं असतं. मी हार न घालता सभेतून निघाले. लोकांना वाटलं, पोरीला सहन झालं नाही.

आता या वर्षीचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. स्टॉलची चाल तुमचीच, अजून चालू आहे. या वेळी ज्या मुलीची योजना सगळ्यांत चांगली, ती डोणगावच्या पुढच्या एका खेड्यातली, इथं वसतिगृहात राहते. आडनाव सांगितलं की वस्ती कळते, तसं. तिला पुरणाचे मांडे करायचे होते, उलट्या मडक्यावर, लोकांसमोर. संमेलनाच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. "पुण्याच्या कंपनीचे पाहुणे आहेत मॅडम. पुढं कोणीतरी नीट बोलणारी उभी करा. त्या मुलीला मागून मांडे देऊ द्या. करा तुम्ही मॅनेज." कारण भाषेचं सांगितलं. खरं असेलही. मी तासिका तत्त्वावर आहे, दर जूनला मला नव्याने नेमणूक मिळते, आणि ती यांच्या सहीशिवाय मिळत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. मी म्हटलं, नाही करणार. ते म्हणाले, "तुम्ही लगेच पर्सनल घेता." मी म्हटलं, हो, घेते. बाहेर ती मुलगी उभी होती, तिने ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, मांडा हातावर फिरवाले लागते, मोठा करत न्यावा लागते. तो काही लपून होत नाही." तिला ते नुसतं मांड्याबद्दल सांगायचं होतं की आणखी कशाबद्दल, मी विचारलं नाही.

ती पुढे उभी राहिली. मडकं तापलेलं, कोपरापर्यंत मांडा पसरलेला, आणि पाहुण्यांना सांगते आहे, "बसा न, गरम देतो." पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, कुठली गं तू, आडनाव काय तुझं? तिने गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मांडवभर ऐकू जाईल असं. बाईंनी ताट पुढे केलं. त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ मला शुगर आहे म्हणाले आणि निघून गेले. असेल शुगर. नसेलही. बाकी कुणी रांग सोडली नाही, विभागप्रमुख दोनदा घेऊन गेले, जूनमध्ये काय करतील ते जूनमध्ये कळेल. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कुठं उभी आहे. पाण्याच्या टाकीच्या कडेला, भिंतीला टेकून, एक डोळा मांडवावर, एक त्या पोरीवर. मीही एक घास खाल्ला नव्हता.

तुम्ही घाबरला होतात. इतकी वर्षं मी तुम्हाला लाचार म्हणत आले, साहेबांपुढे वाकणारा म्हणत आले. तुम्ही त्यांना घाबरला असाल, खुर्चीसाठी घाबरला असाल, आणि कुणी भर मांडवात माझ्या हातचं ताट परत केलं तर मी काय होईन, यालाही घाबरला असाल. कळलं मला. पण कळल्याने राग जात नाही. घाबरायला माझी हरकत नाही, मीही घाबरले. घाबरून माझ्या खांद्यावरचा बिल्ला काढून घ्यायची काय गरज होती? माझ्याशेजारी उभं राहून घाबरता आलं असतं की तुम्हाला. दोघं मिळून घाबरलो असतो. याचं उत्तर तुमच्याकडे मागायचं होतं, आणि तुम्ही आधीच निघून गेलात. तेही मॅनेजच केलंत म्हणायचं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, मेजाच्या खणातच राहील. खणात तो बिल्लाही आहे. मी सगळ्यांना सांगत आले आहे की तो त्याच संध्याकाळी नाल्यात फेकला. फेकला नाही. त्या मुलीला मी नवा करून दिला, निळ्या फितीचा. आणि तुमचा लाल मी स्वतः संमेलनाला लावून गेले होते, पिन गंजली आहे तरी. लावला होता पदराच्या आतून, कुणाला दिसणार नाही असा.