दुसऱ्या खड्ड्यातला कंगवा

प्रिय मिलिंद,

आज तुझी हिरवी वही घेऊन रामुनेच्या घरी जाऊन आले. तेव्हापासून तुझ्याशी कडाडून भांडायचंय आणि तू नाहीस. म्हणून हे पत्र.

आधी कबुली देते. तू गेल्यावर तुझ्या या लिथुआनियन मैत्रिणीनं तीनदा फोन केला. "मिलिंदची वही मिळाली का? टीम जूनमध्ये परत जातेय." तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. वही माझ्या उशाशी होती! जळत होते मी, सरळ सांगते.

का जळू नये? नऊ वर्षं, दर जून, तू लिथुआनियाच्या जंगलात! महायुद्धानंतर सोव्हिएत फौजेशी लढणारी माणसं जमिनीखाली खड्डे खणून लपायची. ते खड्डे शोधायला इथल्या शॉमबर्गच्या ऑफिसची सगळी सुट्टी खर्च. आपल्या पंचविसाव्या ॲनिव्हर्सरीलासुद्धा तेच. "अगं, कॅन्सल कसं करू? अख्खी टीम वेट करतेय यार." आणि मी काय करत होते, मिलिंद?

काही सापडलं की फोन रामुनेला. का, तर तिचे आजोबा त्याच जंगलात नाहीसे झाले होते. तिच्या आजीशी बोलायला तू त्यांची भाषा शिकलास. माझ्या आईशी दोन वाक्यं बोलायची म्हटलं की तुझा घसा बसायचा!

नोंदी मात्र मराठीत. घाईत हात मराठीतच चालतो, म्हणायचास. त्यामुळे ती वही टीममध्ये कुणालाच वाचता येत नाही, याचं मला केवढं सुख होतं! मी ती माझं नाव शोधत वाचली. पानांमागून पानं खुणेच्या झेंड्या, काडतुसं, बुटांच्या टाचा. माझं नाव शेवटच्या पानावर, एकदाच.

"दुसरा खड्डा. मोठ्या ओकपासून उत्तरेला बावीस पावलं. जीपीएस पॅक झालाय. आजोबांच्या नावाची अक्षरं कोरलेला पत्र्याचा मग, आणि शेजारी बाईचा कंगवा. नोंदीशिवाय उचलायचं नाही, परत झाकलं. आजींना काय सांगायचं? सीमाला विचारायला हवं. असल्या बाबतीत तिला बरोबर कळतं."

मग विचारलं का नाहीस रे? त्यानंतर तीन महिने तू घरात होतास. समोर बसून चहा प्यायचास. हार्ट अटॅकच्या आधीची एखादी संध्याकाळ तरी!

असो. तू विचारलंस असं धरून मी उत्तर ठरवलं. लपवायचं नाही. लपवलेलं किती जाळतं ते मला ठाऊक आहे.

आजी शहाण्णव वर्षांच्या आहेत. मी इंग्लिशमध्ये सांगत होते, रामुने त्यांच्या भाषेत. कंगव्यापाशी ती अडखळली. आजींनी तिचा हात दाबला, म्हणजे पुढे बोल.

"माझा नाही तो," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "मला त्यानं कधी जंगलात येऊच दिलं नाही." मग विचारलं, "दिसायला कशी असेल ती?"

सत्तरावर वर्षं झाली, मिलिंद! आणि ही बाई अजून जळतेय! मला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुमच्याइतकी सुंदर नक्कीच नसेल," मी म्हटलं. आजी हसल्या. लगेच रागावून म्हणाल्या, "तिचं नाव शोधा. तिचीही कुणी वाट पाहिली असेल."

मला तर त्यांच्यासमोर लाज वाटली. रामुनेला मी वहीचं खोटं सांगितलं होतं, तेही कबूल केलं. तिनं फक्त माझा कप पुन्हा भरला.

तर मी जूनमध्ये जातेय. तिकीट काढलं. ओक कुठला ते टीमला ठाऊक आहे, पण तुझं पाऊल केवढं पडतं ते कुणाला माहीत? तीस वर्षं तुझ्या मागून धावलेय मी. बावीस पावलं मीच मोजेन. नोंद झाल्याशिवाय कंगव्याला कुणाला हात लावू देणार नाही, आणि जे निघेल ते, गोड असो की कडू, आजींना मी स्वतः सांगेन. शब्द देते.

तुझीच,
सीमा