रुचिकाचा चष्मा अकोल्याहून येतोय

३ नोव्हेंबर, सोमवार
वही नवीन. प्रसेनजितने लिहायला सांगितली. त्याचं शिरपूरला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या रमीत दोन प्लॉट घालवून बसला होता, आता सुटलाय. माझ्यासारख्यांना दर रविवारी फोन करतो. म्हणाला, "रोज लिही देवमन. कोणाले दाखवू नको, पण सोतासंग खोटं लिहू नको."
मी मुळात खोटं लिहिणारा माणूसच नाही.
तर खरं असं. रमी सोडून बेचाळीस दिवस. स्मार्टफोन बायकोच्या, म्हणजे संगीताच्या, कपाटात, माझ्याकडे बटनवाला. देणं दोन लाख दहा हजार. संगीताला पूर्ण यादी दिली आहे. पॅसेंजर जीपच्या कमाईतून रोज तीनशे बाजूला टाकायचे, दोन वर्षांत मोकळा. इतकं सोपं असताना मी उगाच सहा महिने झोपलो नाही.

४ नोव्हेंबर, सकाळ
यादी जवळजवळ पूर्ण आहे.
बाईचे चाळीस हजार त्यात नाहीत. बाई म्हणजे माझी मोठी बहीण कमलीबाई. रिठदला एकटी राहते, शाळेत पोरांची खिचडी शिजवते. जीपचं इंजिन बसलं म्हणून तिला मागितले होते. इंजिन ठणठणीत होतं. पण बहिणीचे पैसे देण्यात धरत नाहीत, तो आपला वेगळा विषय आहे. संगीताला योग्य वेळी सांगेन.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
योग्य वेळ नव्हती. ती कणीक मळत होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तीनशे बाजूला टाकायला सुरुवात सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरू केलं की हिशेब गडबडतो.

१० नोव्हेंबर, सोमवार
टायर पंक्चर, तेही दोनदा. तीनशे उद्यापासून.
पोरगी रुचिका दहावीला आहे. तिला फळ्यावरचं दिसत नाही. शाळेत डोळे तपासले, नंबरची चिठ्ठी दिली. संगीताने ब्लाउजच्या शिलाईतले अठराशे रुपये माझ्या हातात दिले. "रोज मंगरूळले जीप घेऊन जाता, तुमीच करून आना चष्मा. काळी फ्रेम पाह्यजे म्हनते थे."
सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्या हातात नोटा दिल्या. देताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी चिठ्ठीत गुंडाळून वरच्या खिशात ठेवल्या. दिवसभर छाती भरल्यासारखी वाटली.

११ नोव्हेंबर
चष्म्याच्या दुकानात गर्दी दिसली. उद्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
शेलूबाजारला जीप भरायला तासतास लागतो. ड्रायव्हर लोक हायवेकडे तोंड करून बसतात. धनराज नावाचा एक ड्रायव्हर आहे, त्याने खेळ काढलाय. पुढच्या ट्रकच्या नंबरचा शेवटचा आकडा एकी का बेकी, ते सांगायचं. हरेल त्याने चहा पाजायचा.
तीन चहा जिंकलो. ह्याला जुगार म्हणत नाहीत. ना पत्ते, ना मोबाइल, ना ॲप. मोकळ्या हवेत डोळ्यांचा व्यायाम होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चहा किती पिणार? ॲसिडिटी होते. म्हणून शंभर रुपये लावायचं ठरलं, सगळ्यांच्या तब्येतीसाठी.
सहाशे जिंकलो! त्यातले पाचशे बाईला पाठवणार. बघा, रमी आणि ह्यात हाच फरक. ह्यात माणसाला बहीण आठवते.
हरिसिंग नावाचा म्हातारा ड्रायव्हर खेळत नाही. नुसता म्हणाला, "देवमन, तुये हात कायले थरथरून राह्यले?" थंडीचे दिवस आहेत.

१५ नोव्हेंबर, दुपार
कालचे सहाशे गेले. लागोपाठ सहा ट्रक एकी. असं कुठं असतं?
वरच्या खिशाला हात लावलेला नाही.

१५ नोव्हेंबर, चार वाजता
वरच्या खिशात फक्त चिठ्ठी आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
प्रसेनजितचा फोन आला. विचारलं, "कसं चालू हाय?" सांगितलं, रमी सोडून पंचावन्न दिवस. खरंच आहे ते. तो म्हणाला, "आन बाकी?" मी म्हणालो रेंज जाऊन राहिली.
आजपासून ट्रककडे बघणार नाही. हायवेकडे पाठ करून बसणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पाठ करून बसलो. पॅसेंजर आलेले दिसले नाहीत, ते दुसऱ्या जीपमध्ये बसून गेले. म्हणजे सुधारण्याचाही खर्च येतो.
घरी सांगितलं, ऑर्डर दिली. काच अकोल्याहून येणार. अकोला मी विचार करून निवडलं. वाशिम म्हटलं असतं तर संगीता म्हणाली असती, मीच जाऊन आणते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
रुचिकाने विचारलं, काळीच फ्रेम सांगितली ना? म्हटलं काळीच. चौकोनी का गोल? म्हटलं चौकोनी. ती खूश झाली. मैत्रिणीला सांगायला गेली.
जेवण गेलं नाही. भेंडी चांगली होती.

२१ नोव्हेंबर
अठराशे उभे करायचे. रोज तीनशे टाकले तर सहा दिवस. आज शंभर टाकले.

२२ नोव्हेंबर
ते शंभर डिझेलात गेले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
रुचिकाला शाळेतून आणायला गेलो. खिडकीतून वर्ग दिसला. ती पहिल्या बाकावर बसूनही डोळे बारीक करून बघत होती. मग शेजारच्या पोरीच्या वहीत बघून लिहायला लागली. शेजारच्या पोरीने वही तिच्याकडे सरकवली. कोणी न सांगता.
मी बाहेर नळावर पाणी पीत उभा राहिलो. तहान नव्हती.
रस्त्यात रुचिका म्हणाली, "बाबा, अकोला लय दूर हाय का हो?"

२५ नोव्हेंबर
धनराजकडे गेलो, फक्त अठराशे परत जिंकून कायमचं बंद करायला. शेवटचा आकडा, शेवटचा दिवस. तीनशे होते ते गेले. कायमचं बंद झालं, पैसे नसल्यामुळे.

३० नोव्हेंबर, रविवार
फोन आला. ह्या वेळी मी प्रसेनजितला सगळं सांगितलं. बाईचे चाळीस हजार, ट्रक, चष्मा. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मले सांगून काय फायदा भाऊ? मी काय तुया घरात जेवतो? आजच घरी सांग. आन अर्धं सांगू नको."
भाषण तयार केलं. वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. सुरुवात: 'संगीता, मी तुझा गुन्हेगार आहे.' ऐकून ती रडेल, मी पाणी देईन, वगैरे.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी सात
सांगितलं. पहिलं वाक्य पूर्ण झालं नाही. बाईचे चाळीस हजार म्हणालो तेवढ्यात संगीता मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "इंजिनाचे ना? मले दिवाळीतच माहीत झालं. बाईनं सांगतलं. पाचशे पाचशे करून देऊन राह्यली मी त्यायले."
म्हणजे दोघींना माहीत होतं. दिवाळीपासून मी एकटाच लपवत होतो, आणि लपवलेलं फेडत होती ती.
मी म्हणालो, तू बोलली काहून नाही? ती म्हणाली, "वाट पाहून राह्यली होती, तुमी कवा बोलता त्याची."
इतकं हलकं वाटलं की काय सांगू. एका दिवसासाठी एवढा खरेपणा पुष्कळ झाला. चष्म्याचं उद्या सांगतो. एकदम सगळं सांगितलं तर तिला त्रास होईल.

१ डिसेंबर, सोमवार
बाई आली आहे, चार दिवस राहणार. माझ्यासाठी तिळाची चटणी आणली. पाहुण्यासमोर चष्म्याचा विषय बरा दिसत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
आज सांगणारच होतो. जेवणानंतर. खरंच.
दुपारी बाई रुचिकाला घेऊन मंगरूळला गेली, दुसऱ्याच्या जीपमध्ये. पोरीची सराव परीक्षा जवळ आली, अकोल्याची काच कुठं अडकली ते विचारून येऊ म्हणून. चष्मेवाल्याने रजिस्टर दोनदा बघितलं. म्हणाला, ह्या नावाची ऑर्डरच नाही, तुमच्याकडून कोणी आलंच नाही.
हे मला रुचिकाने सांगितलं. रागाने नाही. ती म्हणाली, "बाबा, तुमी दुसऱ्या दुकानात गेले असान ना? मी तसंच सांगतलं त्यायले."
माझ्यासाठी पोरगी खोटं बोलली. दुकानात, परक्या माणसासमोर.
मी म्हणालो, नाही बेटा. कोणत्याच दुकानात गेलो नाही. पैसे मी हरलो.
ती उठली. दप्तर घेऊन बाईजवळ जाऊन बसली. संगीताने मशीन बंद केली. तिने काही फेकलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला. मी जीपची चावी दिली.
तयार भाषण उपयोगी पडलं नाही. सगळं तीन शब्दांत मावलं.

४ डिसेंबर, गुरुवार
नवीन व्यवस्था. जीप हरिसिंग चालवणार, रोजाने. मी मागे उभा राहून पॅसेंजर बोलावणार, भाडं घेणार, संध्याकाळी मोजून संगीताला देणार. तिने वही केली आहे. माझ्या वहीपेक्षा चांगली आहे. तारखेपुढे फक्त आकडा असतो.
चष्मा बाईने केला. खिचडीच्या मानधनातून.
माझं मत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सुचवलं असतं, की स्टेअरिंगवर मीच असतो तर भाडं वाढलं असतं. सांगायला तोंड उघडलं होतं. संगीताने बघितलं. मिटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
स्टँडवर सगळ्यांसमोर "मंगरूळ, मंगरूळ" ओरडलो. माझ्याच गाडीच्या मागे लटकून. धनराज हसला. मीही हसल्यासारखं केलं. पहिल्या फेरीला आवाजच फुटेना, हरिसिंग म्हणाला, "जोरानं बोल, लाज वाटली त पॅसेंजर येत नाही."
बाई आज परत निघाली. आमच्याच जीपने मंगरूळ, पुढे बसने वाशिम, मग रिठद. रुचिका तिला बसवून द्यायला आली होती. चष्मा घातला होता. काळी, चौकोनी. माझ्याकडे काचेतून बघितलं, मग दुसरीकडे. बहुतेक ऊन होतं.
जीप सुटली. भाडं गोळा करत बाईपर्यंत आलो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. तिने हाक मारली, "देवमन, माहे घेतले नाही तू."
म्हटलं, बाई, तुझ्याकडून काय घ्यायचे.
चार पॅसेंजर बघत होते. ती हळू आवाजात बोलली, तेही मला दुखू नये म्हणून. "एका सीटचे कमी पडले त संगीता तुले विचारन. मंग तू काय सांगशीन तिले? घे."
तीस रुपये. मी घेतले.