मोकळं करून हवंय

ता. ४ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

घर विकलं गेलं एकदाचं. काल सह्या झाल्या. एजंटाने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अण्णा हाताला धरून कुठे गळतं, कुठल्या वाशाला वाळवी लागलीय, ते दाखवायचे. जन्मभर लोकांना चष्मे लावून दिले, आता घर विकताना आंधळ्याचं सोंग कसं घेऊ, म्हणायचे. गिऱ्हाईक चहाला न थांबता पळायचं.

त्यांची अट तुला ठाऊकच आहे, घेणाऱ्याने घरात राहायला हवं. या नवराबायकोने सगळं शांतपणे पाहिलं. मधल्या अंधाऱ्या खोलीत बाई म्हणाली, आम्हाला हे सगळं मोकळं करून हवंय. अण्णांची कळी खुलली. ती मधली भिंत पाडावी, उजेड यावा, हे ते आई होती तेव्हापासून घोकत होते. आपल्या मनातलं कुणीतरी ओळखलं म्हणून त्यांनी भावसुद्धा उतरवून दिला!

फाटकापाशी एजंट मला म्हणाला, त्यांना नुसती जागा हवी आहे, ताबा मिळाला की घर जमीनदोस्त. मोकळं म्हणजे ते मोकळं. आत येऊन मी सांगणार होतो, पण अण्णा आरशासमोर सहीच्या दिवशी घालायचा सदरा अंगाला लावून बघत होते. माझी जीभच उचलली नाही. छप्पर आणखी एक पावसाळा काढणार नव्हतं आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

फोनवर त्यांच्याकडे काही बोलू नकोस. तुझी वहिनी खोकी बांधतेय, हे कळल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. तू तरी लोभ आहे तसा ठेव.

तुझा,
दादा

ता. २९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू म्हणजे अगदी घुम्या. भांडण नको म्हणून उकळता चहासुद्धा निमूट पिशील. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

काल अण्णांचा फोन आला होता. इतके खुशीत होते! त्या भिंतीतून वायर गेलीय, पाडताना कुणाला शॉक बसायला नको, एकदा जाऊन दाखवून येतो, म्हणाले. नव्या फ्लॅटबद्दल एक अक्षर नाही. मी हो हो म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर रडले.

विकायचं बरोबरच होतं. त्या छपराखाली त्यांना ठेवून मला झोप लागली नसती. पण ते तिथे जायच्या आत तू सांग. रागावतील, चार दिवस अबोला धरतील, धरू देत. एकट्याने जाऊन बघायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नकोस. आणि माझ्या फटकळपणावर जाऊ नकोस, माया असू दे.

तुझी,
चिमी

ता. ६ एप्रिल

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. अण्णा सकाळीच तिकडे जाऊन आले होते.

मी कामावरून आलो तर चपला न काढता खुर्चीत बसलेले. त्यांनीच सांगितलं. कौलं उतरवून झाली होती, माणसं वासे काढत होती. मुकादम त्यांना आत सोडेना. वायर दाखवायची आहे म्हटल्यावर तो हसला, वीज कधीच तोडलीय म्हणाला. मधल्या खोलीत भरपूर ऊन पडलं होतं म्हणे.

मग मला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवत म्हणाले, त्या लोकांनी आपल्याला फसवलं, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुला तरी काय ठाऊक. चिमे, तेव्हाही मी बोललो नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण बोललो नाही.

जेवणावर वासना नव्हती त्यांची. पानावरून उठताना एवढंच म्हणाले, चिमीला यातलं काही कळू देऊ नकोस, ती लांब आहे, झुरत बसेल. भिंत पाडून छान मोकळं केलंय, असंच मी तिला सांगणार आहे.

रविवारी ते तुला फोन करतील. नीट ऐकून घे. उजेड कसा येतो, तेही विचार. आणि मला लिहायचं सोडू नकोस, एवढीच विनवणी.

तुझा,
दादा