गोरक्षाची आणेवारी

११ मार्च १९७३

लिही. — काय लिहू म्हणून काय विचारतेस? मी बोलते ते लिही.

तळ्याच्या दुष्काळी कामावरच्या ओव्हरसियरनं माझ्या लेकाला, कारभारीला, ही डायरी दिली. त्यानं ती दोन महिने फडताळात ठेवली. गुळगुळीत कागद, वर तारखा छापलेल्या, आणि आत काही नाही! कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही. मला अक्षर येत नाही, पण तोंड आहे. सून चांगुणा चौथी शिकलेली. खडी फोडून आली की चूल पेटेपर्यंत तिनं लिहायचं, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

पहिलं हेच लिही की चांगुणा आळशी आहे. लिहिलंस? वाचून दाखव.

तिनं वाचलं, "चांगुणा कष्टाळू आहे." मला वाचता येत नाही त्याचा फायदा घेते. मी 'हाय' म्हटलं तरी ही 'आहे' लिहिते. शाळेत गेलेली ना!

१४ मार्च

पोष्टमन आला नाही.

माझा नातू गोरक्ष नगरला बी.एस्सी. झाला. आता तळ्यावर दगड उचलतो, कारण दुष्काळाला डिग्री कळत नाही. मार्गशीर्षात तो पुण्याला जाऊन एक परीक्षा देऊन आला. अहमदाबादला कारखाने चालवायला शिकवणारी मोठी शाळा आहे म्हणे, तिची. मी विचारलं, शिकून झाल्यावर कारखाना देतात का? नाही म्हणाला. परीक्षेत निभावला तर मुंबईला मुलाखतीचं बोलावणं येणार. पत्रानं.

सायकलची घंटा वाजली की कारभारी मान वर करतो. मग खाली घालतो. गोरक्षाचं पत्र यायचं म्हणून नव्हे. सत्तावीस वर्षं असंच चाललं आहे. बाकी कुणाच्या ध्यानात येत नाही.

२० मार्च

पत्र आलं! पोष्टमननं माझ्याच हातात दिलं. घरात मी एकटी.

आधी चारी कोपरे बोटानं चाचपले. शाबूत. मग खाली बसले.

चांगुणा हसते. म्हणते, आत्याबाई घरात आलेल्या प्रत्येक कागदाचे कोपरे मोजतात. हसू दे. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. असलं कार्ड घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडायचं, अंगावरून पाणी घ्यायचं. पण मी मोजते ते त्याच्यासाठी नाही. — हे नको लिहूस. लिहिलंस? बरं, राहू दे.

पाकीट गोरक्षानं फोडलं. आत यंत्रानं ठोकलेली काळी अक्षरं, मुंग्यांची रांग असावी तशी. असली रांग मी आधी एकदाच पाहिली होती.

नऊ एप्रिलला मुंबईला बोलावलं आहे.

२१ मार्च

तिसगावच्या हायस्कुलातले पुंजाराम मास्तर येऊन गेले. गोरक्षाला त्यांनीच इंग्रजी शिकवलं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी त्याची आणेवारी लावली. तलाठी पिकाची लावतो तशीच. यंदा गावाची लागली दोन आणे. म्हणजे सोळा आणे यायचं तिथं दोन आणे पीक.

मास्तर म्हणाले, अर्ज हजारांनी, जागा शंभर-सव्वाशे. बोलावणं आलं हेच मोठं. पण तिथं येणारी पोरं मोठ्या शहरातली, त्यांचे बाप साहेब. इंग्रजी त्यांच्या जिभेवर जन्मापासून. सात-आठ जणांना टेबलाभोवती बसवतात आणि वाद घालायला लावतात. साहेब नुसते बघत बसतात.

मी म्हटलं, मग त्याला घरीच सराव हाय की.

मास्तरांनी हिशेब मांडला. गणितात सोळा आणे. इंग्रजी वाचण्यात बारा, बोलण्यात चार. धिटाई, दोन. तिथं किंमत बोलण्याला आणि धिटाईला, म्हणून सगळं मिळून पाच आणे. मास्तर माणूस चांगला, पण यांची आणेवारी बांधावरून. शेतात उतरून बघितलंच नाही.

कारभारी सगळा वेळ भिंतीला टेकून बसला होता. शेवटी एवढंच म्हणाला, "पाच बी जास्तच हायेत."

२३ मार्च

रंगपंचमी. मढीला कानिफनाथांची यात्रा. गोरक्षासाठी नवस बोलायला हात जोडले, जीभ उचलली नाही. नाथ म्हणायचे, म्हातारे, आधीचं काय केलंस?

२७ मार्च

कारभारीनं सांगून टाकलं. जायचं नाही. ओव्हरसियरनं गोरक्षाला कामावर हजेरी-कारकून म्हणून घ्यायचं कबूल केलं आहे. नऊ तारखेला हजर व्हायचं. नाहीतर दुसरा उभाच आहे.

चिडून नाही बोलला. चिडला असता तर मी भांडले असते. गोरक्षाला जवळ बसवून हळू आवाजात म्हणाला, "मी बी एकदा अर्ज केल्ता. पुण्याच्या शेतकी कॉलेजात. मॅट्रिकला मार्क लई हुते मला. आषाढभर वाट बघितली, कार्ड आलं न्हाई. वर्गातल्या दुसऱ्याला आलं, माझ्याहून कमी मार्क हुते त्याला. तवा कळलं, नुसत्या मार्कांनी हुत न्हाई. ते आपलं अंग बघतात, घर बघतात. आपल्याला बोलावत न्हाईत, बाबा. बोलावलं तर बघून परत पाठवत्यात. तू तिथं जाऊन हे शिकण्यापरीस हितंच ऱ्हा."

मी शेंगा फोडत होते. टरफलं टोपल्यात आणि दाणे राखेत टाकले. चांगुणानं वेचून काढले.

माझा हा लेक खड्ड्याकडं नुसतं बघून किती ब्रास खडी निघाली ते सांगतो. ओव्हरसियर टेप लावून मोजतो, तेवढीच भरते. हे डोकं कुणी नाकारलं नव्हतं. पुढचं लिहू नकोस.

२९ मार्च

भाकरीचा कोपरा मोडवला नाही. तशीच ठेवली.

२ एप्रिल

गोरक्षाला मी कामावर जाऊन बघितलं. मास्तरांसारखं बांधावरून नाही.

पाण्याचा पिंप कामाच्या पार एका टोकाला होता. बायका दगड खाली ठेवायच्या, पाण्याला जायच्या, उन्हात अर्धा वेळ चालण्यातच जायचा. मुकादम शिव्या द्यायचा. गोरक्षानं दोन दिवस नुसतं बघितलं. मग पिंप मधोमध आणवला आणि त्याच्याजवळ तान्ह्या पोरांच्या झोळ्या बांधायला लावल्या. पाण्याला गेलेली बाई पोराला पाजून येते, दोन फेऱ्यांची एक झाली. खडी वाढली, शिव्या थांबल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मास्तरांना निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं, हे तिथं सांगितलं तर आठ आणे, आणि न अडखळता सांगितलं तर दहा.

गोरक्षाला म्हटलं, जा रे. तो म्हणाला, "आजी, दादा म्हणतात ते खरं हाय. त्यांच्याहून हुशार मी न्हाई. त्यांना साधं कार्ड आलं न्हाई, तर मला कोण घेतंय?"

लेकाची आणेवारी मी बुडवली. आता तीच नातवाला लागली.

४ एप्रिल

पाडवा. गुढीला गाठी बांधल्या, ताटात गोड काही नाही. कारभारी आणि गोरक्ष देवळात गेले. चांगुणाला म्हटलं, बैस, आणि मध्ये थांबू नकोस.

सन सेहेचाळीस. आषाढ. माझा भाऊ श्रीमंत खर्ड्याला मुदतीच्या तापानं पडला होता. निरोपावर निरोप येत होते, आजची रात्र काढतो की नाही असे. घरचे सगळे शेतात. पोष्टमननं भिजक्या पिशवीतून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं आणि पुढं गेला. कार्डाचा कोपरा फाटलेला.

वाचायला देवळाजवळ माणूस होता. मी गेले नाही. वाटलं, कुणी वाचलं तर श्रीमंत मेला. नाही वाचलं तर अजून आहे. मी ते तसंच ओढ्यावर नेलं, फाडलं, पाण्यात सोडलं. लुगड्यासकट अंगावरून पाणी घेतलं. रडले. कुणाला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी श्रीमंत स्वतःच्या पायानं दारात उभा! त्याला म्हटलं, अरे मेल्या, तू मेला होतास ना! तो हसून हसून खोकला. मीही हसले. कुणाचं कार्ड होतं ते मनात आलंसुद्धा नाही.

दिवाळीला शेवगावचा एक पोरगा कारभारीकडं आला, त्याच्याच वर्गातला. म्हणाला, ज्यांना बोलावलं त्यांनाच आषाढात कार्डं आली, राजाचं डोकं छापलेली, यंत्रानं ठोकलेल्या अक्षरांची. तेव्हा मला त्या कार्डावरची मुंग्यांची रांग आठवली. मयताचं कार्ड माणूस हातानं लिहितो. हे मी आधी बघायला पाहिजे होतं. कोपरा कुणी फाडलाच नव्हता. पिशवीत भिजून, कशाला तरी अडकून गेला असेल. तो तुकडा कुठं पडला असेल, हे मी सत्तावीस वर्षं शोधते आहे. चालताना रस्त्यावर बघते.

कारभारी त्या दिवाळीनंतर कधी पुस्तकाला शिवला नाही. मी त्याच्या ताटात वाढत राहिले.

चांगुणाचा हात थांबला. मी वाचून दाखव म्हटलं नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, हे माझ्या हातचं न्हाई. हे त्यांच्या हातानं लिहून घ्या." तरी तिनं सगळं लिहिलं आहे. आळशी नाही.

५ एप्रिल

सून बोलत नाही. वाढते तेवढं. कारभारी विचारतो, तुमचं काय बिनसलं? मी म्हटलं, मीठ.

६ एप्रिल

दोनदा तोंड उघडलं त्याच्यापुढं. एकदा पाणी मागितलं, एकदा तंबाखू.

७ एप्रिल

आज अक्षर वेगळं आहे. चांगुणाला भाकरी थापायच्या आहेत. लिहायला कारभारी बसला आहे, तोंड वाकडं करून. हेही लिही.

लिही. सन सेहेचाळीस, आषाढ. एक कार्ड आलं होतं. कोपरा फाटलेलं. श्रीमंतमामा गेला असं समजून मी कुणाला वाचू दिलं नाही, ओढ्यात सोडलं. ते मरणाचं नव्हतं.

का थांबलास? लिही. कारभारी, तुला कार्ड आलं होतं. तुला बोलावलं होतं.

लिहिलंस? वाचून दाखव.

ही ओळ आईनं सांगितलेली नाही, आणि मी वाचूनही दाखवणार नाही. पहाटेच्या एस.टी.त गोरक्षाला बसवून येतो. आल्यावर तिला एवढंच विचारायचं आहे, कोणता कोपरा फाटला होता.