उंदराला लाल रंग

४ फेब्रुवारी

लाल. ठरलं. म्हणजे जवळजवळ ठरलं!

पेंटर उस्तादांनी आज नमुन्याचे तीन रंगवलेले पत्रे दाखवले. पहिला साधा राखाडी, गाडीचा मूळचा. दुसराही राखाडीच, पण चमचमता. तिसरा — देवा! खाली चंदेरी, त्यावर पारदर्शक लालचे थर, वरून काचेसारखा लेप. सावलीत काळपट, उन्हात धरला की पेटतो. "याला कँडी म्हणतात ताई. डब्यात तयार मिळत नाही, हाताने जमवावा लागतो." भाव ऐकून मी बसायला स्टूल शोधलं. एवढ्या पैशांत दुसरी गाडी येते.

गाडीचं नाव उंदीर. आईने ठेवलेलं, मी दुसरीत असताना. राखाडी, चिमुकली, कुठल्याही बोळातून निसटणारी. आई गेली, उंदीर आहे. पंधरा मार्चला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. प्रत्येक गाडी गर्दीतून परीक्षकांसमोर चालवत न्यायची असते. उंदीर बाबा चालवणार. त्यावर चर्चा नाही.

५ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. "लाल? गाडी आहे की लिपस्टिक?"

झालं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही जिभेला गंज नाही. माझ्या कुठल्याही गोष्टीला या माणसाने आजवर 'छान' म्हटलेलं नाही. शाळेत पहिली आले — "शाळा लहान आहे." दातांची लॅब काढली — "लोकांचे दात घासायचा धंदा." मी दात घासत नाही, बनवते. कॅपा, कवळ्या. पण जाऊ दे.

खरं कारण इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? मला बक्षीस नकोय. करंडक ठेवायला घरात जागा नाही. परीक्षकांनी उंदराकडे बघून मान डोलवावी आणि बाबांनी माझ्याकडे वळून एकदा म्हणावं — छान. एवढंच. चाळिशी उलटली तरी हवंय. लाज वाटते, पण हवंय.

९ फेब्रुवारी

उस्तादांनी नमुना म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण लाल मारून दिलं. पर्समध्ये घेऊन फिरतेय. दाताची शेड बघायची एक रीत असते: दिवसा, खिडकीपाशी, क्षणभर बघायचं आणि नजर हटवायची. जास्त वेळ बघितलं की डोळा फसतो, सगळंच बरं दिसायला लागतं. झाकणही तसंच बघतेय. भाजीवाल्यापाशी. लिफ्टमध्ये. बँकेच्या रांगेत.

रांगेतल्या एकाने विचारलं, "काय आहे हो ते?" "गाडी," म्हणाले. तो दुसऱ्या रांगेत गेला.

संध्याकाळी झाकण बाबांच्या हातात दिलं. उलटं धरून, आतल्या गंजक्या बाजूकडे बघत म्हणाले, "फारच भडक." मुद्दाम करतात! मी हिसकावूनच घेतलं.

१२ फेब्रुवारी

बाबांनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची गाडी लाल होणार. आणि मला म्हणे लिपस्टिक!

१६ फेब्रुवारी

उस्तादांनी आज पोटातलं बोलून टाकलं. "ताई, कँडीला टचअप नसतो. एक ओरखडा आला की अख्खा दरवाजा नव्याने. आणि तो शेजारच्या पत्र्याशी जुळेल, याची हमी मी तर देत नाही."

इथे घोडं अडलंय. वर्षभरात बाबांनी गाडी फाटकाच्या खांबाला दोनदा घासली. "खांब मध्ये येतो," म्हणाले. खांब माझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे.

मग एवढा महागाचा रंग लावायचा आणि गाडी चादरीखाली झाकून ठेवायची? लग्नातल्या शालूसारखी, कपाट उघडून नुसती बघायची? उस्ताद म्हणाले, "बरेच लोक तसंच करतात."

१७ फेब्रुवारी

पेपर मीच वाचून दाखवते हल्ली. बाबा म्हणतात, छपाई बिघडलीय यांची. प्रदर्शनाची बातमी दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा तर चालवणाऱ्यांसाठीच्या सूचना शब्दन् शब्द ऐकल्या.

२० फेब्रुवारी

लाल! आता माघार नाही. बाबा म्हणाले, "हौसेला मोल नसतं." माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. पण म्हणाले. होकारच आहे तो, त्यांच्या भाषेत.

गाडी उद्या उस्तादांकडे द्यायची. दुपारभर खपून धुतली, पुसली, वरून वॅक्स चोळलं. उस्तादांच्या कारखान्यात इतर गाड्यांसमोर उंदीर बावळट दिसायला नको. कानाकोपऱ्यात, फटीफटीत बोट घालून वॅक्स लावलं. झकास दिसतोय.

२४ फेब्रुवारी

उस्तादांचा फोन. "ताई, बॉनेटवर माशाचे डोळे आलेत."

मला वाटलं, कुणी चेष्टेने काही काढलंय. जाऊन बघितलं तर चंदेरी थरावर बारीक बारीक गोल खळगे, शेकडो. जिथे जिथे वॅक्सचा अंश राहिला, तिथून रंग पळून गेला. उस्तादांनी पुसलं होतं, दोनदा पुसलं होतं. पण फटींमधलं कुठे निघायला!

"वॅक्स कुणी मारलं?"

"मी."

"रंगवायला द्यायच्या आदल्या दिवशी?"

"गाडी बरी दिसावी म्हणून."

उस्तादांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांच्या हाताखालचा माणूस मात्र बाहेर जाऊन हसून आला. मोलकरीण येणार म्हणून आधीच घर झाडून ठेवणाऱ्यांतली मी! आता सगळं खरवडून पत्र्यापर्यंत जायचं. त्यानंतर कँडी होईल, पण घाईत. घाईत कँडीचे पट्टे उमटतात. "राखाडी मात्र निवांत होईल. उद्या सांगा."

२५ फेब्रुवारी

सांगितलं. राखाडी.

सकाळपर्यंत लालच होतं. मग लॅबमध्ये एक बाई आल्या. मागे याच बाईंनी माझ्याशी भांडून शेडकार्डावरचा सगळ्यात पांढरा दात करून घेतला होता. आज म्हणाल्या, "हा काढा. मी हसले की घरातले सगळे दाताकडेच बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही."

त्यांना खुर्चीत बसवलं आणि आतल्या खोलीत जाऊन आधी उस्तादांना फोन केला. लाल मारला तर लोक लालच बघतील. आईचा उंदीर कुणाला दिसणार? शिवाय राखाडीला ओरखडा आला तर बुजवता येईल. बाबा चालवोत, खांब मध्ये येवो, यायचं ते येवो. हलकं वाटलं.

उस्ताद म्हणाले, "राखाडीवर काचेचा लेप मात्र पहिल्या प्रतीचा देतो. आरशासारखा. तिथे काटकसर करू नका." नाही केली.

२६ फेब्रुवारी

बाबांना सांगायचा धीर होत नाहीये. समोरच्या काकांना गॅलरीतून ओरडून सांगत होते, "लाल! साधा नाही, सावलीत काळपट आणि उन्हात पेटणारा!" माझंच वाक्य! पाठ केलंय म्हाताऱ्याने.

राहू दे. गाडी आल्यावर दिसेलच.

३ मार्च

"आली का?" "नाही बाबा." दिवसातून चारदा.

७ मार्च

बाबांनी चालवताना घालायची टोपी काढून उन्हात ठेवली. उंबऱ्याला अडखळले. टोपीला शिव्या.

मनात बोलणी तयार करून ठेवलीय. राखाडी बघून ते म्हणतील, "मग एवढे दिवस काय रंगवलं?" मी म्हणेन, "तुमचीच गाडी तुम्हाला परत आणून दिली, आणखी काय हवंय?" आवाज चढवायचा नाही. रडायचं तर अजिबात नाही.

१० मार्च

गाडी आली. भर उन्हात फाटकाशी उभी केली. कशी दिसते म्हणून सांगू! आईने दारात येऊन बघावी अशी.

बाबा टोपी घालून बाहेर आले. मी तयार केलेली बोलणी आठवत उभी. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, तो तसाच सरकवत, सरकवत डिकीपर्यंत गेले, दुसऱ्या बाजूने परत आले. माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले,

"छान! फार छान केलीस गं. लाल काय खुललाय!"

आयुष्यभर ज्या शब्दासाठी थांबले, तो मिळाला. गाडी राखाडी आहे.

"हो ना, बाबा," म्हणाले, आणि किल्ली पर्समध्ये टाकली.